अबोल मुलाची करंगळी

‘डॉक्टर, घरात याची नुसती टकळी चालू असते हो, पण शाळेत तोंड म्हणून उघडत नाही. एखादं टॉनिक द्या ना!’ शाळा सुरू झाल्या की अशी तक्रार दवाखान्यात हटकून ऐकू येते. लाजरेपणावर टॉनिक नाही, आणि बहुतेक मुलांना त्याची गरजही नसते. मूल तोंडाने जे सांगत नाही ते त्याच्या हालचालींवरून ओळखणे, हाच यावरचा खरा उपाय आहे.

लाजाळू स्वभाव हा रोग नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी अनेक वर्षे लहान मुलांचे निरीक्षण केले. काही मुले अगदी लहानपणापासूनच नवा माणूस, नवी जागा दिसली की बिचकतात, असे त्यांना आढळले. तेव्हा हा आईच्या लाडाचा परिणाम नव्हे की मुलाचा हट्टही नव्हे. ‘घुम्या’, ‘मुखदुर्बळ’ अशी नावे ठेवणे आधी बंद करावे.

मात्र ‘गप्प मूल म्हणजे गुणी मूल’ ही समजूतही तितकीच चुकीची आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात गप्प मुलाचा कोणाला त्रास नसतो, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही नसते. त्याची किंमत ते मूल आपल्या प्रकृतीने मोजते.

साधी लघवीची गोष्ट घ्या. सर्वांसमोर उठून विचारायची लाज वाटते, म्हणून अशी मुले तासन् तास लघवी दाबून धरतात. जावेच लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, कपड्यात लघवी होणे असे त्रास मागे लागतात. मांडीवर मांडी आवळून बसणे, टाचेवर दाबून बसणे, उगाच चुळबुळ करणे, पाण्याची बाटली भरलेलीच घरी परत येणे, या खुणा बाईंना आणि आईला दिसू शकतात. आपल्या शाळांत करंगळी दाखवण्याची जुनी पद्धत आहे. ती फार शहाणपणाची आहे. करंगळी दिसली की मानेने होकार द्यावा. ‘तोंडाने विचार, मगच जा’ हा आग्रह धरू नये.

दुसरी गोष्ट डोळ्यांची व कानांची. फळ्यावरचे दिसत नाही हे लाजरे मूल सांगणार नाही. ते डोळे बारीक करील, शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेईल. ऐकू कमी येत असेल तर एकच कान पुढे करील, बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहत राहील. अशा मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणून शिक्षा होते, हे दुर्दैव आहे.

तिसरी खूण पोटदुखीची. रविवारी खणखणीत असलेले मूल सोमवारी सकाळी बेंबीभोवती दुखते म्हणते. हे सोंग नसते. भीतीने पोटात खरोखरच दुखते. परंतु झोपेतून जागे करणारी पोटदुखी, ताप, उलट्या, वजन घटणे यांपैकी काही असेल तर ते शाळेच्या भीतीवर ढकलू नका, तपासून घ्या.

अर्थात एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा आपल्याकडे संस्कारही असतो. खेळाच्या कडेला उभे राहून टक लावून पाहणारे, दुसऱ्यांच्या विनोदावर हळूच हसणारे मूल एकलकोंडे नसते. त्याला खेळात यायचे असते, पाऊल उचलत नाही इतकेच. त्याला वह्या वाटायला सांगा, एखाद्या शांत मुलाची जोडी द्या. उलट, बोलके मूल अचानक मिटले, तर तो स्वभाव नव्हे. त्याला कोणी मारते, चिडवते किंवा छळते आहे का, हे एकांतात, मायेने विचारले पाहिजे.

शिक्षकांना एक विनंती. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणे तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबत. तेच तीन सेकंद थांबले, तेव्हा अधिक मुले बोलू लागली आणि उत्तरेही लांब आली. यासाठी पैसा लागत नाही. बोलत नाही म्हणून बाकावर उभे करणे मात्र माझ्या मते मानसिक छळच आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे.

घरी मोकळेपणी बोलणारे मूल शाळेत एक महिन्याहून अधिक काळ अजिबात बोलत नसेल, तर तो ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ हा चिंतेचा विकार असू शकतो. त्यातला शाळेचा पहिला महिना सोडून द्यावा, कारण तेव्हा पुष्कळ मुले बुजतात. आधी कान तपासून घ्यावेत, मग बालरोगतज्ज्ञ वा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. उपचाराने अशी मुले बोलू लागतात, उशीर मात्र करू नये. सरकारी व अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांना हे आवर्जून सांगावे. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मोफत सल्लाही मिळतो.

पालकांनी आज संध्याकाळी एवढेच करावे. ‘आज वर्गात बोललास का?’ हा प्रश्न बाजूला ठेवून पाण्याची बाटली आणि डबा उघडून पाहावा.