कादंबरींतील कापड आणि शास्त्राची कसोटी

अमेरिकन कादंबरीकार लॅरी निव्हन यांच्या १९८० सालच्या ‘द रिंगवर्ल्ड एंजिनियर्स’ या कादंबरींत एक अजब कापड आहे. तें विजेला अडथळा करीत नाहीं आणि उष्णतेलाही नाहीं. त्याचें एक टोंक तापलें व दुसरें पाण्यांत असलें, कीं सारी आंच पाण्यांत उतरते. असल्या गोष्टींत शास्त्र चुकीचें असतें, म्हणून त्या मुलांच्या हातीं देऊं नयेत, असें कांहीं पालक म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं.

शास्त्र चुकलें आहे, हें खरें. पण ही चूक किती स्वाभाविक आहे, तें पाहावें. तांब्याचें पातेलें चटकन तापतें, आणि विजेची तारही तांब्याचीच करितात. वीज चांगली वाहणारा धातु उष्णताही चांगली वाहतो, हा नियम वीडमान व फ्रांझ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८५३ सालीं मांडला. कारण धातूंत दोन्हींची ने-आण मुख्यत्वें इलेक्ट्रॉनच करितात. पुढें १९११ सालीं हॉलंडांत कामरलिंग ओनेस यांस असें आढळलें कीं, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारें ४.२ अंशांवर पाऱ्याचा विद्युत्‌-अडथळा नाहींसा होतो. अशा ‘अतिवाहक’ पदार्थांत उष्णताही बिनअडथळा वाहील, असें कोणासही वाटावें. परंतु तेथें इलेक्ट्रॉन जोडीजोडीनें चालतात, आणि या जोड्या वीज नेतात, उष्णता नेत नाहींत! जिनीव्हाजवळील सर्न संस्थेच्या प्रचंड यंत्रांत अतिवाहक पट्ट्या मुद्दाम बसविल्या आहेत, त्या वीज आंत जावी व बाहेरची ऊब जाऊं नये म्हणून. कादंबरीच्या नेमकें उलट.

क्रमिक पुस्तकांत नियम येतो. तो कोठें मोडतो, हें बहुधा येत नाहीं. ज्या मुलानें गोष्ट वाचून ‘असें कापड कां नसावें?’ असें शिक्षकांस विचारिलें, त्यास दोन्ही एका दिवशीं कळतात. आमच्या मतें हा लाभ थोडा नव्हे. पुस्तक हिसकावून घेतल्यास प्रश्नही जातो.

आणि निव्हन यांची कल्पना अगदींच निराधार आहे, असेंही नाहीं. द्रव हेलियम २.१७ अंशांखालीं नेला कीं त्याचें खदखदणें एकाएकीं थांबतें. उष्णता इतक्या त्वरेनें सर्वत्र पसरते कीं, बुडबुडा धरण्यापुरतीही एखादी जागा अधिक तापत नाहीं. सर्नच्या त्याच यंत्रांतील चुंबकें १.९ अंशांवर थंड राखण्याचें काम हाच द्रव करितो.