अनुदान कोणाचे, घाम कोणाचा?

शेतकऱ्याच्या खात्यावर सरकार पैसे टाकते ही गोष्ट चांगली आहे. तिची निंदा करण्यास आम्ही लेखणी उचललेली नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. सरकार ज्यास शेतकरी म्हणते तो कोण, आणि शेतात राबतो तो कोण?

२०१९ साली केंद्र सरकारने किसान सन्मान निधी सुरू केला. वर्षास ६,००० रुपये, तीन हप्त्यांनी. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने आपल्याकडून तितकीच भर घातली. आरंभी हा निधी दोन हेक्टरांच्या आतील कुटुंबांपुरता होता. काही महिन्यांतच ती मर्यादा उठविली. आयकर भरणारे व बहुतेक सरकारी नोकर वगळले, हे ठीकच झाले. परंतु मुख्य अट एकच राहिली : सातबाऱ्यावर नाव पाहिजे. ते नसेल तर जन्मभर नांगर धरलेला माणूसही सरकारी दप्तरी शेतकरी नव्हे.

आता आपल्या गावाकडे पाहा. मालक तालुक्याच्या गावी दुकान घालून बसला आहे; जमीन बटाईने करणारा दुसराच आहे. पुष्कळ वेळा तो सुताराचा किंवा कुंभाराचा मुलगा असतो, ज्याच्या घरी स्वतःची गुंठाभरही जमीन नाही. बी-खतात अर्धा खर्च त्याचा, राबणे सगळे त्याचे, आणि हप्ता मालकाचा! गारपीट झाली, पंचनामा झाला, तरी भरपाईही सातबाऱ्याच्या मागे जाते. बाईची गत तीच. लावणी-खुरपणी तिची, नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. शाळेच्या दप्तरी बटाईदाराच्या मुलापुढे बापाचा धंदा म्हणून आम्ही ‘शेती’ असेच लिहितो, व ते खोटे आहे असे कोणी म्हणत नाही. मग शेतकीखात्याच्या दप्तरासच तो का दिसू नये?

कोणी म्हणेल, त्याने करार का लिहून घेऊ नये? कारण जुने आहे. १९४८ चा कूळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी कसणारास मालक केले. ते न्यायाचेच झाले. पण तेव्हापासून मालकाच्या मनात भीती बसली की, कागदावर दुसऱ्याचे नाव चढले म्हणजे जमीन गेली. म्हणून सगळा व्यवहार तोंडी. पीकविमा बटाईदारास खुला आहे, पण नोंदणी केलेला भाडेकरार आणा म्हणतात! जो मालक साध्या वहीवर दोन ओळी लिहून देत नाही, तो कचेरीत येऊन सही करील काय?

इतरत्र यावर प्रयत्न झाले आहेत. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस काढलेल्या कालिया योजनेत बटाईदार घेतले, व भूमिहीन कुटुंबांस शेळ्या-कोंबड्यांसारख्या जोडधंद्यासाठी १२,५०० रुपयांची मदत ठरविली. आंध्र प्रदेशाने २०१९ साली मालकीस धक्का न लावता अकरा महिन्यांच्या कराराचा कायदा केला. परंतु त्यावर मालकाची सही लागे, आणि तेथेच घोडे अडले.

म्हणून आमचे म्हणणे असे. कोणते शेत कोण करतो, बाई असो वा बाप्या, याची यादी दर हंगामास ग्रामसभेने करावी. गावास ते ठाऊक असतेच. या नोंदीने मालकी जात नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहावे. विमा, भरपाई व अनुदान त्या यादीप्रमाणे द्यावे. बांधवांनो, आपल्यापैकी पुष्कळांची दोन एकर स्वतःची आणि दोन दुसऱ्याची असतात. आज मालक म्हणून भ्याल, तर उद्या बटाईदार म्हणून रडाल. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा.