साचा ठेवा, धूळ आवरा

गेल्या आठवड्यात एक ताई केकचा निळा मऊ साचा पिशवीत घालून दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, व्हॉट्सॲपवर आलंय, सिलिकॉनने कॅन्सर होतो म्हणे. फेकून देऊ का?" विचारता विचारताच त्यांना खोकल्याची ढास लागली. वरच्या फ्लॅटमध्ये दोन दिवस ओट्यासाठी ग्रॅनाइट कापत होते आणि यांच्या घरभर पांढरी धूळ बसली होती. साचा ठेवा म्हटलं. धुळीबद्दल मात्र जरा जास्तच बोललो.

गोंधळ नावाचा आहे. सिलिकॉन हे मूलद्रव्य. पृथ्वीच्या कवचात ते वजनाने सुमारे 28 टक्के आहे, ऑक्सिजनच्या खालोखाल. निसर्गात ते सुटं सापडत नाही, ऑक्सिजनला धरूनच असतं. दोघंच असले की सिलिका, म्हणजे गारगोटी, वाळू. सोबत ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, लोह आलं की सिलिकेट, म्हणजे चिकणमाती, अभ्रक, संगजिरे. साच्यातलं सिलिकोन वेगळं, ते कारखान्यात बनतं. सिलिकॉन आणि ऑक्सिजनची लांब साखळी, तिला कडेने कार्बनचे गट. ते शरीरात सहसा कशाशी क्रिया करत नाही, म्हणून तर लघवीच्या नळ्या त्याच्या करतात. गॅसच्या पातळ औषधातलं सिमेथिकोन हेही सिलिकोनच. पोटातले बुडबुडे फोडतं आणि शौचावाटे तसंच बाहेर पडतं. बुटांच्या खोक्यातली पुडी सिलिका जेलची, पण ती स्फटिकरूप नसते. लहान मुलाने तोंडात घातली तर विषापेक्षा घशात अडकण्याची भीती मोठी.

धोका आहे तो स्फटिकरूप सिलिकेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, अतिबारीक धुळीत. पाच मायक्रॉनहून लहान कण नाकात, घशात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. तिथल्या सफाई पेशी तो गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि मरतात. कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. अशी वर्षं गेली की फुप्फुसात कडक गाठी तयार होतात. हा सिलिकोसिस. तो उलटवणारं औषध नाही. त्यात टीबीची शक्यता कितीतरी वाढते. याच धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1997 साली पहिल्या वर्गात, म्हणजे माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलं. थोडक्यात, व्हॉट्सॲपवाल्याने भीती बरोबर पकडली, वस्तू चुकीची.

आपल्याकडचा काळा दगड, बसाल्ट, बहुतेक सिलिकेटचा. त्यात मोकळं क्वार्ट्झ थोडंच. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये ते पाचव्या हिश्श्याहून जास्त असतं, आणि हल्ली 'क्वार्ट्झ' म्हणून विकल्या जाणाऱ्या बनावटी ओट्यांत 90 टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा पाट्यांवर बंदी घातली. कारण तिथे ते कापणारे तरुण कामगार आजारी पडत होते.

आमच्या जूचंद्र-नायगाव भागात रोज कुठे ना कुठे ओटा बसतोय. माझ्याकडे आलेला एक कारागीर, वय चौतीस, टीबीच्या गोळ्यांचा कोर्स दोनदा करून आला होता. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. जिना चढताना धाप. 'काम काय करतोस?' हे त्याला आधी कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मीही विचारलं नाही. एक्स-रेमध्ये वरच्या भागात बारीक गाठी दिसल्या तेव्हा विचारलं. बारा वर्षं कोरडं ग्रॅनाइट कापलेलं, तोंडाला रुमाल.

1948 च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा डॉक्टरने कळवायलाच हवा असा आजार होता. पण तिसऱ्या मजल्यावरचा अर्धवट फ्लॅट म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे हा मुलगा कुठल्याच मोजणीत नाही. माझ्या मते जबाबदारी काम देणाऱ्याची, म्हणजे तुमची-माझीही. दुपारी दोन ते चार आवाज नको, हा नियम सोसायट्या कडक पाळतात. 'कोरडं कापायचं नाही' हा नियम मी अजून एकाही फलकावर पाहिलेला नाही. कापताना पात्यावर पाण्याची धार ठेवली की हवेत उडणारी धूळ खूपच कमी होते. खर्च एका पाइपचा.

आता गावातले कलाकार विचारतील, रांगोळीचं काय? आमचं गाव तर रांगोळीसाठी ओळखलं जातं. रांगोळीही दगड दळूनच होते. दगड कुठला ते पाकिटावर सहसा नसतं. बोटांतून सुटणारा जाड दाणा फुप्फुसापर्यंत जात नाही. बारीक पूड चाळताना, रंग मिसळताना मात्र दारं उघडी ठेवा, एन-95 मास्क लावा आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. खरी काळजी दळणाऱ्या गिरणीतल्या माणसाची आहे.

आणि तुम्ही स्वतः कापणं, घासणं, दळणं यातलं काम करत असाल, कधी काळी केलं असेल, तर खोकला घेऊन कुठल्याही डॉक्टरकडे जा, पण औषध लिहिण्याआधी त्यांना आपलं काम सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी. जुने एक्स-रे टाकू नका, सोबत आणा.