उसाच्या फडातलं बालपण

दिवाळी सरली की धुळे-नंदुरबारकडची बिऱ्हाडं ऊसतोडीसाठी गुजरातेत बारडोलीच्या वाटेला लागतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. पोरांची नोंद नसते. पण ती येतातच. धाकट्याला झोळीत जोजवणारी, मोळी बांधायला हात लावणारी सात-आठ वर्षांची मुलगी तोडकऱ्यांच्या पडावांवर कुणाला नवलाची वाटत नाही.

घरी भिली किंवा अहिराणी, गावच्या शाळेत मराठी, इथल्या शाळेत गुजराती. मूल गप्प बसतं आणि आपण त्याला ‘मंद’ ठरवून मोकळे होतो. ते मंद नसतं, बावरलेलं असतं. ओळखीची बोली, ओळखीचं माणूस भेटेपर्यंत त्याचं मन शिकण्याकडे वळतच नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांना हे उमगलं होतं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला अंगणात बालवाडी भरवली. अनुताई वाघ सोबतीला होत्या. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढली. शाळा मुलांमागे रानात गेली! मग उसाच्या बांधावर, भिली बोलणाऱ्या ताईची शाळा का भरू नये? हा अंक त्याच प्रश्नासाठी काढला आहे.