गाडीत सेन्सर वाढवण्याआधी

गोंदियात, तिरोड्यात, आमगावात कोणी नवी चारचाकी घेतली की सल्ला ठरलेला: कंपनीचा अलार्म पुरत नाही, आणखी दोन सेन्सर टाकून घ्या. सल्ला खोटा नाही. साधा अलार्म बहुधा दारांवरच लक्ष ठेवतो. काच फोडून कोणी हात घातला तर त्याला पत्ता लागत नाही. पण सेन्सर वाढवायचा म्हणजे गाडीच्या वायरिंगला हात लावायचा. ते काम कच्चे झाले तर चोर येण्याआधीच नुकसान होते.

सगळ्यात आधी फ्यूज. बॅटरी 12 व्होल्टची, झटका बसत नाही, म्हणून तिची कोणाला भीती वाटत नाही. पण तिच्या पॉझिटिव्हची वायर घासून बॉडीला टेकली तर शेकडो अँपिअर करंट वाहतो आणि बारीक वायर बघता बघता पेट घेते. आपल्याकडे गाडी अंगणात उभी असते, शेजारी तणसाचा ढीग आणि घरात धानाची पोती. धान तिथे उंदीर, आणि बोनेटखालच्या वायरी कुरतडणे हा त्यांचा रोजचा धंदा. म्हणून सेन्सरसाठी बॅटरीवरून वेगळी लाइन घेतली असेल तर बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज बसवून घ्याच. वायर नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळलेली चालवून घेऊ नका. मे महिन्याच्या उन्हात बोनेटखाली त्या टेपचा चिकटा सुटतो. जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवायला सांगा.

बहुतेक अलार्ममध्ये दार उघडले की दाराचा स्विच वायरला अर्थिंग देतो आणि युनिटला खबर लागते. त्याच वायरला बोनेटचा स्विच थेट जोडला तर बोनेट उघडल्यावर आतला दिवाही लागतो, आणि एका सेन्सरचा करंट दुसऱ्यात शिरू शकतो. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक फांदीवर एकेक डायोड, पट्टीची बाजू स्विचकडे. दुकानदाराला डायोडबद्दल विचारा. तो गोंधळला तर गाडी दुसरीकडे न्या.

पिवळ्या वायरी आणि पिवळे कपलर सहसा एअरबॅगचे असतात. त्यांना कोणालाही हात लावू देऊ नका. नव्या गाड्यांत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायरींवरून गाडीतले संगणक बोलतात. त्याही सोलू नयेत. तपासणी डिजिटल मीटरने व्हावी, टेस्ट लॅम्पने नव्हे. लॅम्प जास्त करंट ओढतो, त्याने महागडे युनिट जळू शकते.

आता सेन्सर कोणता? माझे मत सरळ आहे: पहिला बोनेटचा स्विच. बोनेट उघडून बॅटरीची वायर काढली की बाकी सगळे मुके होते. दुसरा शॉक सेन्सर, पण त्याची संवेदनशीलता कमी-जास्त करण्याचा स्क्रू तुमच्या डोळ्यांसमोर लावून घ्या. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, फटाके फुटतात, रात्रभर नाटके चालतात. तिथे उभी केलेली गाडी दर धमाक्याला ओरडू लागली तर दुसऱ्या तासाला कोणी वळून बघत नाही. खरा चोर आला तरी मग तेच होते. आतली हालचाल टिपणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर उन्हाळ्यात काचा बोटभर उघड्या ठेवणाऱ्यांनी घेऊच नये. वाऱ्याच्या झुळकीनेही तो वाजतो.

शेवटी बॅटरीचा हिशेब. बंद गाडीने 50 मिलिअँपिअरपर्यंत करंट घेणे साधारण मानले जाते. म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास. 35 अँपिअर-तासांची बॅटरी त्या गतीने दोन आठवड्यांत निम्मी होते. नव्या सेन्सरांनी आणखी 30 मिलिअँपिअर घेतले, तर नऊच दिवसांत. रेल्वेने नागपूर-मुंबईला जाऊन गाडी घरी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. काम झाल्यावर बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत मीटर लावून घ्या, गाडी लॉक करा, अर्धा तास थांबा, मग आकडा मोजून मागा. कोणती वायर कुठे जोडली आणि फ्यूज कुठे बसवला, हे त्या आकड्यासोबत कागदावर लिहून घ्या. तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा, म्हणजे पुढे बिघाड काढणाऱ्याला डॅशबोर्ड उगाच खोलावा लागणार नाही.