"नेटवर होतं, म्हणून घेतलं"

जरा मोठी पोस्ट आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एक फ्रेम. फ्रेममध्ये वारली चित्र. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचा फेर. आपण पण माणूसच, बरं वाटलं. फोटो काढून स्टेटसला टाकला.

रात्री आपल्याच तालुक्यातल्या एका मुलीचा मेसेज आला. "दादा, अभिनंदन. पण त्या फ्रेममधलं चित्र माझं आहे. खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव होतं, ते कापलंय."

ही मुलगी पाड्यावर राहते, चित्रं काढते आणि इन्स्टाग्रामवर विकते. तिने मूळ चित्राचा फोटो पाठवला. शेजारी शेजारी ठेवून बघितलं. रेघ न् रेघ तीच. कोणीतरी फोटो उतरवून घेतला, नाव छाटलं, प्रिंट मारली आणि काच लावली.

आयोजकांना फोन केला. माणसं वाईट नाहीत, ओळखीचीच आहेत. म्हणाले, "अहो, नेटवर होतं, म्हणून घेतलं. आणि वारली म्हणजे सगळ्यांचंच ना?"

मला तेव्हा पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट.

वारली कला एका माणसाची नाही, हे खरंच आहे. लग्नघरात कुडाच्या भिंतीवर शेण-गेरूचा हात द्यायचा, तांदळाच्या पिठाने बांबूच्या काडीने चौक काढायचा, त्यात पालघट देवी बसवायची. हे काम पिढ्यान् पिढ्या सवाष्णींनी केलं. सही कोणी केली नाही, पैसेही कोणी मागितले नाहीत. १९७०च्या दशकात कागद आला, बाहेरचे लोक आले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. मशेंच्या चित्राला आपण "मशेंचं चित्र" म्हणतो. म्हणजे परंपरा सगळ्यांची असली तरी चित्र कोणाचं तरी असतं, हे आपल्याला कळतं. फक्त माणूस मोठा झाल्यावर कळतं.

तांदळाची भाकरी सगळ्यांचीच आहे. म्हणून कोणाच्या टोपलीतली उचलून नेली तर चालेल का?

आणि त्या चित्रात तिचं असं काय आहे, हेही सांगतो. फेरातली एक बाई डोक्यावर हंडा घेऊन नाचतेय. माझ्या हातात ती फ्रेम दोन दिवस होती, मला दिसलीच नाही. चित्र टाकताना मुलीने खाली लिहिलं होतं: आईच्या लग्नात मांडवातलं पाणी संपलं, आजी विहिरीवरून हंडा घेऊन आली आणि तारपा ऐकून हंडा न उतरवता फेरात शिरली. ती तिची आजी आहे. ही बाई कुठल्याही परंपरेत नव्हती, या मुलीने ती आणली. ती प्रत्येक चित्राखाली असं दोन-चार ओळी लिहिते, हे कुठून सुचलं, कोणाकडून ऐकलं. वाचून लोक विकत घेतात. आणि त्याच पानावरून लोक उचलतातही.

कायदा काय म्हणतो ते बघितलं. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, वारली चित्रकलेला २०१४ साली मिळालंय. पण ते समाजाचं, नावाचं संरक्षण आहे, आणि ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. एकट्या चित्राचं संरक्षण कॉपीराइट करतो. १९५७च्या कायद्याने चित्र काढलं की हक्क आपोआप चित्रकाराचा, नोंदणीची सक्ती नाही. हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. चित्र विकलं म्हणजे छापायचा हक्क विकला असं होत नाही, तो लेखी द्यावा लागतो.

इथे एक खाच आहे, ऑर्डर घेणाऱ्या पोरापोरींनी नीट वाचा. कोणी पैसे देऊन मुद्दाम चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला हक्क ऑर्डर देणाऱ्याचा धरला जातो. म्हणून ऑर्डर घेतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकून समोरच्याची कबुली घ्या: "चित्र तुमचं, छापण्याचा हक्क माझ्याकडे राहील." काहीच नसण्यापेक्षा ते बरं. मोठं काम असेल तर कागदावर सह्या घ्या.

आता पैशाचं. मी तिला हिशोब विचारला. त्या आकाराचं चित्र ती १८०० रुपयांना देते. कापड आणि रंग १५०, पाइप आणि पॅकिंग ९०, स्पीड पोस्ट ११०. गेले ३५०. उरले १४५०. चित्राला पूर्ण चार दिवस लागतात. म्हणजे दिवसाला साडेतीनशेच्या थोडं वर. पाड्यावर रेंज नाही म्हणून फोटो टाकायला टेकडीवर जायचं, पोस्टात जायला एसटीचे पैसे, हे त्यात धरलेलंच नाही.

आणि आपण काय म्हणतो? "ताई, थोडं कमी करा ना, १५०० करा." केले १५००, तर दिवसाला २८७ रुपये पडतात. रोजगार हमीचा दर २०२५-२६ साली ३१२ होता. म्हणजे आपल्या त्या "थोडं कमी"मध्ये चित्रकाराची मजुरी खड्डे खणणाऱ्या मजुराच्या खाली जाते. मॉलमध्ये हेच चित्र छापलेला मग घेताना आपण स्टिकरवरची किंमत मुकाट देतो.

काही जण म्हणतील, नक्कल होते तर नेटवर टाकूच नये. मी पण तिला हेच विचारलं. ती म्हणाली, "दादा, नाही टाकलं तर दलालाला द्यावं लागेल. तो शंभर-दोनशे देतो आणि नाव तर लावतच नाही." यावर काय बोलणार? ऑनलाइनमुळे तिला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर गिऱ्हाईक मिळालं. चौक बायकांनी काढले, पण कागद आल्यावर नाव बहुतेक पुरुषांचंच झालं. आता एखादी मुलगी स्वतःच्या नावाने विकतेय आणि आपण नेमकं ते नावच कापतोय.

माझा दोषही सांगतो. वीस वर्षांत "वारली कला सातासमुद्रापार" छापाच्या डझनभर बातम्या मी केल्या. सोबत चित्रं छापली. खाली चित्रकाराचं नाव किती वेळा दिलं? आठवून बघितलं, फार वेळा नाही. आमच्या बातमीखालचं नाव उडालं की आम्ही पत्रकार संपादकांशी भांडतो. म्हणजे नावाची किंमत मला माहीत होती.

आयोजकांशी पुन्हा बोललो. तिला पैसे देऊ म्हणालेत, अजून दिलेले नाहीत, मी मागे लागलोय. मूळ चित्र मी १८०० रुपयांना घेतलं, एक रुपया कमी न करता. नावासकट घरात लावलंय. जुनी फ्रेम परत केली.

आता २६ जानेवारी येईल, शाळांची स्नेहसंमेलनं येतील, पतपेढ्यांचे कार्यक्रम येतील. ग्रामपंचायती, शाळा, मंडळं, आमची पत्रकार संघटना, सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे. स्मृतिचिन्ह वारलीच द्यायचं असेल तर वारली चित्रकाराकडून घ्या. बजेट कमी असेल तर लहान चित्र घ्या. छापायचंच असेल तर विचारा, पैसे द्या, नाव ठेवा.

मुलीचं नाव इथे लिहिलेलं नाही. तिनेच सांगितलं, "भांडणात नाव नको दादा, चित्राखाली असलं की पुरे."