घरपोच जेवण : एका प्लेटने कुठे जावे?

मागच्या हिवाळ्यात आमचे एक नातलग सेवाग्रामच्या रुग्णालयात दाखल होते. सोबतीला त्यांचा मुलगा होता. रात्रीचे नऊ वाजून गेले होते, मुलगा उपाशी होता आणि पेशंटला एकटे सोडून बाहेर जाणे त्याला शक्य नव्हते. आम्ही वर्धा शहरातील एका ओळखीच्या हॉटेलात फोन लावला व एक प्लेट दाल-खिचडी पोचवण्यास सांगितले. किंमत १२० रुपये. पलीकडून उत्तर आले, "सेवाग्रामला अडीचशेच्या खाली पार्सल जात नाही. शिवाय पोचवायचे वीस रुपये वेगळे."

आम्हांस राग आला. एका माणसाने अडीचशे रुपयांचे जेवण जेवावे तरी कसे? त्या रात्री दोन प्लेट खिचडी आणि वर पापड-दही मागवून ती अट पुरी केली. अर्धे अन्न सकाळी टाकून द्यावे लागले. चार दिवसांनी आम्ही त्या हॉटेलमालकाकडे तक्रार घेऊनच गेलो. त्यांनी चहा मागवला, गल्ल्याखालची वही काढली आणि म्हणाले, "भाईसाहेब, तुम्हीच हिशोब करा आणि तुम्हीच सांगा, मी कुठे चुकतो ते." तो हिशोब करून आम्ही उठलो तेव्हा राग उतरला होता, प्रश्न मात्र उरला होता. आज त्या दोहोंविषयी लिहावयाचे आहे.

वहीतला हिशोब

वर्धा ते सेवाग्राम सुमारे ८ किलोमीटर. जाऊन-येऊन १६. मोटारसायकल लिटरला ४० किलोमीटर देते असे धरले आणि पेट्रोलचा भाव १०५ रुपये धरला, तर एका फेरीचे ४२ रुपये नुसते पेट्रोलचे झाले. पोचवणाऱ्या मुलाला महिना १२,००० रुपये, २६ दिवस, रोज ९ तास, म्हणजे तासाला ५१ रुपये पडतात. जाणे, वॉर्ड शोधणे, पैसे घेणे व परतणे यात पाऊण तास जातो; त्याचे ३८ रुपये. टायर, ऑईल, पंक्चर यांचे ५ रुपये धरा. एका फेरीचा खर्च झाला ८५ रुपये.

आता १२० रुपयांच्या प्लेटमध्ये काय उरते ते पाहा. तांदूळ, डाळ, तेल, गॅस, कारागिराचा पगार, भाडे, वीज आणि पार्सलचा डबा वजा जाता चांगल्या चालणाऱ्या हॉटेलात रुपयामागे चार आणे उरले तरी पुष्कळ झाले. म्हणजे १२० रुपयांत ३० रुपये. तीस रुपये मिळवण्यासाठी पंच्याऐंशी खर्च करणारा व्यापारी किती दिवस टिकेल?

२५० रुपयांच्या ऑर्डरवर सुटतात साडेबासष्ट. त्यात पोचवण्याचे वीस मिळवले की साडेब्याऐंशी. तरीही अडीच रुपये मालकाच्या खिशातून जातात! ज्या अटीला आम्ही लूट समजत होतो, ती काठावरची तडजोड निघाली. पोचवण्याचे पैसे न घेता फेरी परवडवायची तर ऑर्डर ३४० रुपयांची हवी.

तात्पर्य एवढेच की किमान ऑर्डरची अट ही मुळात अंतराची किंमत आहे. ती मालकाच्या लहरीवर ठरत नाही, निदान ठरू नये. आणि म्हणूनच ती सर्वांना सारखी असणे चुकीचे आहे. हॉटेलपासून दोन किलोमीटरवरच्या घरी जाऊन येण्यास वरच्याच हिशोबाने २९ रुपये लागतात. तेथे ११५-१२० रुपयांची, म्हणजे एका प्लेटचीही ऑर्डर निभते. असे असता आपली अनेक हॉटेले गावातल्या गिऱ्हाइकालाही २०० आणि लांबच्यालाही २०० असा एकच आकडा सांगतात. जवळचा गिऱ्हाईक विनाकारण तुटतो, लांबचा गिऱ्हाईक तोट्यात सांभाळला जातो.

"फ्री डिलिव्हरी" कोणाच्या खिशातून?

२०२० च्या लॉकडाऊनने ही सवय घरोघर नेली. महाराष्ट्रात हॉटेलांत बसून जेवण्यास परवानगी मिळाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. तोवर पार्सल हाच आधार होता. चूल चालू राहावी म्हणून हॉटेलवाल्यांनी फुकट पोचवले. गिऱ्हाइकाला वाटले की पोचवणे फुकटच असते. ते फुकट कधीच नव्हते. कोणी भावात भरून काढले, कोणी प्लेटमधला भात कमी केला, कोणी मुलाचा पगार थकवला. यातील पहिला मार्ग निदान उघड आहे. दुसरा मापात पाप आहे आणि तिसरा मजुराचा हक्क मारणे आहे. असल्या फुकटाला बरकत नसते.

ॲपवाल्यांचा हिशोब वेगळा दिसतो, पण खर्च तोच. स्विगी २०१४ साली बंगळुरूत सुरू झाली, झोमॅटोने २०१५ पासून जेवण पोचवण्यास आरंभ केला. हॉटेलकडून घेतले जाणारे कमिशन सर्वसाधारणपणे १५ ते ३० टक्क्यांच्या घरात असते. २५ टक्के धरले तर १२० रुपयांवर ३० रुपये कमिशन गेले. म्हणजे हॉटेलचा सगळा नफा गेला. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५ रुपये ४० पैसे. पाच टक्के दराने कर भरणाऱ्या हॉटेलला या कराची वजावट मिळत नाही, हे पुष्कळ मालकांच्या ध्यानीच येत नाही. हातात १२० पडावेत तर ॲपवर भाव १७० लावावा लागतो. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून गेलेल्या जेवणावर ५ टक्के जीएसटी ॲपच वसूल करून भरते. आपल्या लहान खानावळीला नोंदणीची गरज नसेल, काउंटरवर ती कर घेत नसेल, तरी ॲपवरून तीच खिचडी घेतली की कर लागतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिलिव्हरीच्या आकारावरही १८ टक्के कर आला आहे. प्लॅटफॉर्म फी म्हणून जो आकार २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू झाला, तो २०२५ पर्यंत दहाच्या पुढे गेला. सगळे मिळवले की १२० ची प्लेट गिऱ्हाइकाच्या हाती पडते दोनशेच्या वर.

म्हणजे ॲपने किमान ऑर्डरची अट सौम्य केली असे जे वाटते, ते खरे नाही. अट भावात विरघळली, एवढेच. याविषयी हॉटेलवाल्यांची नाराजीही जुनी आहे. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाने २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने या दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला.

ॲपवर बहिष्कार घाला, असे आमचे म्हणणे नाही. नव्या हॉटेलला नाव करून देण्यास ॲप उपयोगी आहे. परगावहून आलेल्या गिऱ्हाइकाला दुसरा मार्ग ठाऊक नसतो. पण जो गिऱ्हाईक दहा वर्षांपासून आपल्याला नावाने ओळखतो, त्याच्याही प्लेटवर कमिशन का द्यावे? त्याच्यासाठी आपला फोन नंबर आणि आपला मुलगा पुरेसा आहे.

मधला मार्ग : फेरी एक, डबे पाच

आता उरलेल्या प्रश्नाकडे येऊ. मालकाचा हिशोब खरा, पण रुग्णालयातला तो मुलगाही उपाशी. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील मोठी रुग्णालये, हिंदी विश्वविद्यालय, वसतिगृहे, एकटे राहणारे म्हातारे आईबाप, यांमुळे एका प्लेटचे गिऱ्हाईक वर्ध्यात इतर लहान शहरांपेक्षा जास्तच असेल. अट वाढवली तर हाच माणूस सर्वांत आधी मागे पडतो आणि जेवणाची गरज सर्वांत अधिक त्यालाच असते.

याचे उत्तर आपल्याच राज्यात सव्वाशे वर्षांहून जुने आहे. मुंबईत १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचा धंदा सुरू केला. डबेवाला एका डब्यासाठी शहर ओलांडत नाही. वेळ ठरलेली, वाट ठरलेली, एका फेरीत अनेक डबे आणि महिन्याचा ठरीव आकार. म्हणूनच एका माणसाचा एक डबाही त्यास परवडतो. मोठ्या कंपन्याही शेवटी याच वाटेला येत आहेत. जुलै २०२५ मध्ये स्विगीने ९९ रुपयांतील जेवणाची योजना काढली, तीही घाई नसलेल्या, सावकाश पोचवणीच्या आधारावर.

हेच आपल्या वहीत मांडून पाहा. दुपारी एक आणि रात्री साडेआठ, अशी सेवाग्रामची दिवसातून दोन वेळची फेरी जाहीर करा. तासभर आधी फोन करणाऱ्यास किमान ऑर्डरची अट नाही. पाच डबे जमले आणि पाच ठिकाणी थांबण्यामुळे फेरीस पूर्ण तास लागला, तरी पेट्रोल ४२, मजुरी ५१, झीज ५, मिळून ९८ रुपये. डब्यामागे जेमतेम २०. प्लेटमध्ये ३० सुटतात, म्हणजे वर एक पैसाही न घेता १० उरले. गिऱ्हाइकाने खुशीने १० रुपये दिले तर २० उरले. ज्याला वेळ सोडून, अवेळी, ताबडतोब हवे असेल त्याच्यासाठी अडीचशेची अट व वीस रुपये राहू द्यावेत. त्यात काही अन्याय नाही.

कोणी म्हणेल, पाच डबे रोज जमतील कशावरून? पहिल्या आठवड्यात जमणार नाहीत. तीन डब्यांना फेरी जवळजवळ बरोबरीत सुटते, दोनला तोटा होतो. म्हणून शेजारच्या दोन-तीन हॉटेलांनी मिळून एकच मुलगा ठेवावा. आपसांत स्पर्धा चवीची असावी, पेट्रोल जाळण्याची नसावी. रमजानच्या महिन्यात मोहल्ल्यामोहल्ल्यात इफ्तारचे पदार्थ असेच एका फेरीत पोचतात, कारण वेळ सर्वांची एक असते. जे एक महिना साधते, ते बारा महिने का साधू नये?

दोन शब्द दोघांना

हॉटेलवाल्या बांधवांना आमचे सांगणे असे. अट असेल ती अंतराप्रमाणे लावा आणि दुकानावर, बिलावर, व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहा. फोनवर गिऱ्हाईक पाहून आकडा बदलू नका. पोचवण्याचा आकार वेगळा दाखवा. तो जेवणाच्या भावात किंवा कमी केलेल्या भातात लपवू नका. आणि त्या आकारातील मजुरीचा वाटा मुलापर्यंत पोचू द्या. ॲपवाल्या कंपन्यांनी आपल्या उलाढालीचा १ ते २ टक्के भाग कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावा, ही तरतूद असलेली संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. आपल्या हॉटेलातला मुलगा त्या हिशोबात येत नसला, तरी पावसात गाडी घसरली तर त्याचा दवाखाना कोण करणार, हे आजच ठरवून ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे.

गिऱ्हाइकांना सांगणे असे की "वीस रुपये कसले घेता?" हा प्रश्न विचारण्यापूर्वी सोळा किलोमीटर गाडी चालवून यावे. शक्य असेल तेथे शेजाऱ्याला, शेजारच्या खाटेवरील पेशंटच्या नातलगाला विचारावे, "तुमचेही मागवू का?" दोघांची मिळून अट पुरी होते आणि अन्न वाया जात नाही. त्या रात्री आम्हांस हे सुचले असते, तर ती दुसरी प्लेट सकाळी टाकून द्यावी लागली नसती. वॉर्डात दुसरा कोणी उपाशी असेलच. आम्ही विचारले नाही.